इम्युनोथेरपीपूर्वीचा रक्ताचा रिपोर्ट : फुप्फुसाच्या कर्करोगात तो कसा वाचावा

फुप्फुसाच्या कर्करोगावर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीला जागे करणारे उपचार, सुरू करण्याचे ठरते, तेव्हा रुग्णाच्या फायलीतील सर्वांत महागडा कागद बायोप्सीच्या तुकड्यावर केलेल्या तपासण्यांचा असतो. त्याच्या मागे कुठेतरी सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, एकपानी रिपोर्ट लावलेला असतो आणि हिमोग्लोबिनचा आकडा पाहून झाला की त्याकडे सहसा कोणी पुन्हा वळत नाही. वास्तविक त्या पानावरील न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे प्रमाण आणि जोडीला एलडीएच हे विकर (एन्झाइम), अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन व सीआरपी हे दाहात वाढणारे प्रथिन या तीन साध्या तपासण्या, एवढ्या भांडवलावर रुग्णाच्या पुढच्या वाटचालीचा बराच अंदाज बांधता येतो. हा अंदाज कसा बांधायचा, कोणत्या दिवसाच्या रक्तावर बांधायचा, तो कुठे फसतो आणि फसला नाही तरी त्यावरून काय ठरवायचे नाही, हे येथे सांगितले आहे. विवेचन प्रामुख्याने नॉन-स्मॉल सेल प्रकारच्या आणि शरीरात पसरलेल्या रोगाबद्दल आहे. ते रुग्णाच्या नातेवाइकांना आणि गावात रुग्ण सांभाळणाऱ्या फॅमिली डॉक्टरांना उपयोगी पडावे अशी अपेक्षा आहे. उपचारांचा निर्णय अर्थातच कर्करोगतज्ज्ञांचा.

आधी रक्ताबाहेरचे दोन कागद

रोगप्रतिकारक पेशींवर पीडी-१ नावाचा एक रेणू असतो. तो दाबला गेला की त्या पेशी हल्ला थांबवतात आणि कर्करोगाच्या पेशी हेच बटण दाबून स्वतःचा बचाव करतात. जपानचे तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये हा रेणू शोधला आणि २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन यांच्यासह मिळाले. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, ॲटेझोलिझुमॅब ही औषधे याच बटणावर किंवा ते दाबणाऱ्या पीडी-एल-१ या रेणूवर काम करतात. गाठीच्या किती टक्के पेशींवर पीडी-एल-१ आहे, हा फायलीतील पहिला महत्त्वाचा कागद. तो १ टक्क्याहून कमी, १ ते ४९ आणि ५० किंवा अधिक अशा तीन पायऱ्यांत वाचला जातो.

हे प्रमाण ५० टक्के किंवा त्याहून अधिक असलेल्या ३०५ रुग्णांवर कीनोट-०२४ ही चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे पाच वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा पेम्ब्रोलिझुमॅबने उपचार सुरू केलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के आणि केमोथेरपीने सुरू केलेल्यांपैकी सुमारे १६ टक्के रुग्ण हयात होते. फरक दुपटीचा आहे. पण निवडून घेतलेल्या, सर्वांत आशादायक गटातसुद्धा तिघांपैकी दोघे पाच वर्षांच्या आत गेले, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे. गाठीचा तुकडा सर्व काही सांगत नाही, म्हणूनच रक्ताकडे वळावे लागते.

दुसरा कागद जनुकीय तपासणीचा. भारतात ॲडिनोकार्सिनोमा प्रकारच्या सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत ईजीएफआर जनुकात बदल आढळतो. अशा रुग्णांना, तसेच एएलके जनुकातील बदल असलेल्यांना, इम्युनोथेरपीचा लाभ फार कमी होतो आणि त्यांच्यासाठी गोळ्यांच्या स्वरूपातील वेगळी औषधे उपलब्ध आहेत. घाईने इम्युनोथेरपी दिली आणि मग ईजीएफआरचा रिपोर्ट आल्यावर लगेच ओसिमर्टिनिब ही ईजीएफआरवरील गोळी सुरू केली, तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांतून स्पष्ट झाले आहे. त्यामुळे हा कागद हाती येईपर्यंत थांबणे शक्य असेल तर थांबावे. बायोप्सीचा तुकडा अपुरा पडला असेल, तर गाठीने रक्तात सोडलेल्या डीएनएवरून, म्हणजे लिक्विड बायोप्सीने, ही तपासणी करता येते. त्यात बदल सापडला तर तो ग्राह्य धरता येतो. सापडला नाही तर मात्र तो नाहीच असे म्हणता येत नाही, कारण काही गाठी रक्तात फारसे डीएनए सोडतच नाहीत.

हे दोन कागद बाजूला ठेवले की मग सीबीसी पुढ्यात घ्यावा.

टक्केवारीतच दडलेले गणित

सीबीसीमध्ये एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा असतो आणि त्याखाली न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल यांची टक्केवारी असते. न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागले की जे गुणोत्तर मिळते, त्याला एनएलआर म्हणतात. निरोगी माणसात ते साधारण १ ते ३ च्या दरम्यान असते. कर्करोगावरील अभ्यासांत ५ ही धोक्याची रेषा बहुतेकदा धरली जाते, काही ठिकाणी ३ किंवा ४ सुद्धा. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गाठ आणि तिच्या भोवतीच्या पेशी आयएल-६, आयएल-८ यांसारखी रसायने सोडतात, त्यांच्या हाकेने न्यूट्रोफिल वाढतात आणि हे न्यूट्रोफिल टी-लिम्फोसाइटना दाबून ठेवतात. इम्युनोथेरपीला जागे करायचे असते ते याच लिम्फोसाइटना. सैन्यच तोकडे असेल तर बटण सोडवून फारसे साधत नाही.

याच गुणोत्तराचा दुसरा अवतार डीएनएलआर या नावाने ओळखला जातो. जुन्या औषधचाचण्यांच्या नोंदींत बऱ्याचदा एकूण पांढऱ्या पेशी आणि न्यूट्रोफिल एवढेच दोन आकडे टिपलेले असत, म्हणून संशोधकांनी लिम्फोसाइटच्या जागी ‘न्यूट्रोफिल सोडून उरलेल्या सर्व पांढऱ्या पेशी’ धरल्या. येथे रेषा ३ ची आहे. सूत्र पाहून दचकण्याचे कारण नाही. न्यूट्रोफिलची टक्केवारी भागिले शंभरातून ती वजा करून उरलेला आकडा, एवढेच ते आहे. आणि थोडा विचार केला तर ध्यानात येते की डीएनएलआर ३ च्या वर जाणे म्हणजे न्यूट्रोफिल ७५ टक्क्यांच्या वर असणे. पुढे येणाऱ्या ‘लिपी’ या शोधनिबंधांतील भारदस्त निर्देशांकाचा अर्धा भाग असा एका नजरेत वाचता येतो. ॲपमध्ये आकडे भरत बसण्याची गरज मला तरी कधी पडलेली नाही.

एलडीएच आणि त्याच्या खोड्या

एलडीएच हे पेशींमधील एक विकर आहे. वेगाने वाढणारी गाठ ऑक्सिजन असतानाही साखर अर्धवट जाळून लॅक्टेट तयार करते, त्या धांदलीत हे विकर वाढते आणि पेशी मरतील तसे रक्तात उतरते. म्हणून वाढलेले एलडीएच रोगाच्या पसाऱ्याची आणि त्याच्या वेगाची खूण मानली जाते. शिवाय लॅक्टेटमुळे गाठीभोवतीचे वातावरण आम्लयुक्त होते आणि त्यात टी-पेशी मंदावतात.

हा आकडा वाचताना पहिला नियम असा की नुसता आकडा वाचायचाच नाही. त्याच ओळीत छापलेल्या कमाल मर्यादेशी तो ताडून पाहायचा. एलडीएच मोजण्याच्या दोन वेगवेगळ्या रासायनिक पद्धती प्रचलित आहेत. एका पद्धतीत कमाल मर्यादा २२५ ते २५० च्या आसपास असते, तर दुसरीत ती ४६० च्या घरात जाते. एका लॅबमध्ये ४१० हे नॉर्मल असेल आणि दुसरीत तेच ४१० मर्यादेच्या दीडपटीहून जास्त. लॅब बदलली आणि एलडीएच ‘दुप्पट झाले’ म्हणून घरात रडारड झाल्याचे मी पाहिले आहे. रोग जिथल्या तिथेच होता. शक्य असेल तर सर्व नमुने एकाच लॅबमध्ये द्यावेत, आणि ते शक्य नसेल तर आकडा न लिहिता ‘कमाल मर्यादेच्या किती पट’ ही नोंद ठेवावी.

दुसरी खोडी नमुन्याची. लाल रक्तपेशींमध्ये एलडीएच ठासून भरलेले असते. पट्टा फार वेळ आवळून धरला, बारीक सुईतून पिचकारीने रक्त जोरात ओढले, किंवा तालुक्याच्या गावातून निघालेली नळी दुपारभर मोटारसायकलच्या डिकीत हिंदकळत आली, तर या पेशी फुटतात आणि त्यांतील एलडीएच सीरममध्ये मिसळते. निकोप सीरम फिकट पिवळे दिसते. पेशी फुटल्या असतील तर ते गुलाबी किंवा लालसर होते आणि चांगली लॅब रिपोर्टखाली ‘हिमोलाइज्ड सॅम्पल’ असा शेरा देते. तो शेरा नसला तरी त्याच नमुन्यातील पोटॅशियम अकारण वाढलेले दिसले, तर शंका घ्यावी आणि रक्त पुन्हा द्यावे.

तिसरे कारण आपल्याकडे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. बी-१२ जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेत अस्थिमज्जेतच लाल पेशी फुटत राहतात आणि एलडीएच कित्येक पटींनी वाढते. वर्षानुवर्षे शाकाहार करणाऱ्या वृद्ध रुग्णांत ही कमतरता दुर्मीळ नाही. पेमेट्रेक्सेड हे औषध केमोथेरपीत असेल, तर पहिल्या डोसाच्या आधी बी-१२ चे इंजेक्शन आणि रोज फॉलिक ॲसिडची गोळी द्यावीच लागते. त्या निमित्ताने बी-१२ ची पातळी पाहून घेतली, तर एलडीएचचे एक कोडे परस्पर सुटते. यकृताचे आजार, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी आणि पावसाळ्यातला मलेरिया हीसुद्धा एलडीएच वाढण्याची कारणे आहेत.

दोन आकड्यांचा एक निर्देशांक

न्यूट्रोफिल आणि एलडीएच यांची सांगड घालणारा ‘लिपी’ हा निर्देशांक पॅरिसजवळच्या गुस्ताव रूसी कर्करोग संस्थेतील संशोधकांच्या पुढाकाराने २०१८ मध्ये मांडला गेला. त्याची मांडणी शाळकरी मुलालाही जमेल अशी आहे. डीएनएलआर ३ च्या वर असेल तर एक गुण, एलडीएच कमाल मर्यादेच्या वर असेल तर एक गुण. शून्य म्हणजे चांगला गट, एक म्हणजे मधला, दोन म्हणजे प्रतिकूल. इम्युनोथेरपी घेतलेल्या ४६६ रुग्णांच्या त्या अभ्यासात एका तुकडीतील चांगल्या गटाचा मध्यक जीवनकाल ३४ महिने, मधल्या गटाचा १० आणि प्रतिकूल गटाचा अवघा ३ महिने निघाला. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याआधी आणि निम्मे त्यानंतर. ‘तीन महिने राहिले’ असा त्याचा अर्थ नाही, हे घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगावे.

एक नमुना हिशेब करून पाहू. समजा, एका गृहस्थांच्या रिपोर्टवर पांढऱ्या पेशी ११,४००, न्यूट्रोफिल ७८ टक्के, लिम्फोसाइट १३ टक्के आणि एलडीएच ३१२ आहे. लॅबची मर्यादा २४८. एनएलआर ७८ भागिले १३, म्हणजे ६. डीएनएलआर ७८ भागिले २२, म्हणजे सुमारे ३.५. एलडीएच मर्यादेच्या सव्वापट. दोन्ही गुण पडले, गट प्रतिकूल. आता त्याच फायलीतील औषधांची यादी उघडली असता दिसते की मेंदूतील सूज उतरवण्यासाठी त्यांना आठवडाभर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालू होते आणि नळीवर हिमोलिसिसचा शेरा होता. सूज उतरल्यावर तज्ज्ञांनी टप्प्याटप्प्याने औषध बंद केले, त्यानंतर काही दिवसांनी रक्त पुन्हा घेतले. पांढऱ्या पेशी ८,२००, न्यूट्रोफिल ६६, लिम्फोसाइट २३, एलडीएच २३६. एनएलआर २.९ च्या आत, डीएनएलआर १.९, गुण शून्य. माणूस तोच, गाठ तीच, आणि दरम्यान कर्करोगावर कोणतेही औषध गेलेले नाही.

रक्त कधी घ्यावे, कधी घेऊ नये

वरच्या उदाहरणातून निघणारा व्यवहारी धडा असा की इम्युनोथेरपीच्या पहिल्या डोसाच्या आधीच्या आठवड्यात, स्टेरॉइडचा अंमल नसताना घेतलेले रक्त हा आपला पायाभूत नमुना. स्टेरॉइड पोटात गेल्यावर काही तासांतच न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट व इओसिनोफिल घटतात. पेमेट्रेक्सेडच्या आदल्या दिवशी, त्याच दिवशी आणि दुसऱ्या दिवशी डेक्सामेथासोन देण्याची पद्धत असल्याने, सलाईन लावायच्या सकाळी डे-केअरमध्ये काढलेला सीबीसी या कामासाठी जवळपास निरुपयोगी ठरतो. केमो देण्याइतक्या पेशी आहेत की नाहीत, एवढेच त्यावरून पाहावे. दम्यासाठी घेतलेल्या, लेबल नसलेल्या पुड्यांचीही चौकशी करावी, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे अनेकदा आढळले आहे. मात्र चालू असलेले स्टेरॉइड आकडे सुधारण्यासाठी म्हणून आपल्या मनाने कधीही बंद करू नये. ते प्राणावर बेतू शकते.

केमोनंतर पेशी वाढवण्याचे इंजेक्शन दिले असेल, तर त्यानंतरचे काही दिवस, आणि लांब पल्ल्याचे इंजेक्शन असेल तर दोन आठवडे, न्यूट्रोफिलच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. कोणताही जिवाणूसंसर्ग, दाढेचे गळूसुद्धा, हेच करतो. फुप्फुसाच्या कर्करोगात गाठीने श्वासनलिका अडवली की मागच्या भागात न्यूमोनिया साचतो, त्यामुळे ‘न्यूट्रोफिल रोगामुळे वाढले की संसर्गामुळे’ हा प्रश्न नेहमीच उभा राहतो आणि त्याचे उत्तर ताप, थुंकी व छातीच्या फोटोसह एकत्रितच द्यावे लागते.

क्षयरोगाची गोष्ट निराळी आणि अधिक महत्त्वाची. आपल्याकडे एकाच फुप्फुसात जुना क्षय आणि नवा कर्करोग असणे ही नवलाची बाब नाही. सक्रिय क्षयात सीआरपी वाढते, अल्ब्युमिन घटते, वजन उतरते, म्हणजे प्रतिकूल गटाची सगळी लक्षणे कर्करोगाच्या मदतीशिवाय तयार होतात. त्यातच पीडी-१ वरील औषधांनी सुप्त क्षय जागा झाल्याच्या नोंदी जगभरातून आलेल्या आहेत. म्हणून आकडे वाईट दिसले आणि सोबत खोकला, रात्रीचा घाम किंवा सायंकाळचा ताप असेल, तर निर्देशांकाची बेरीज करण्याआधी थुंकीची तपासणी करून घ्यावी.

प्रतिजैविकांबद्दलही सांगायला हवे. इम्युनोथेरपीच्या आधीच्या महिन्यात प्रतिजैविके घेतलेल्या रुग्णांचा जीवनकाल कमी दिसतो, असे अनेक निरीक्षणांत आढळले आहे. आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. पण प्रतिजैविके आजारी माणसालाच दिली जातात, त्यामुळे दोष औषधाचा किती आणि आजाराचा किती हे वेगळे काढणे अवघड आहे. न्यूमोनियाला प्रतिजैविक द्यावेच लागते. सर्दी-पडशासाठी मात्र मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नये, एवढाच यातून घ्यायचा बोध.

अल्ब्युमिन आणि सीआरपी

अल्ब्युमिन ३.५ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असणे आणि सीआरपी १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असणे, या दोन्ही खुणा शरीरातील दीर्घ दाह आणि झीज दाखवतात. सीआरपी वाढलेले नसेल तर शून्य, ते वाढले पण अल्ब्युमिन टिकून असेल तर एक आणि दोन्ही बिघडलेले असतील तर दोन, असा ग्लासगो येथे विकसित झालेला गुणांक आहे. येथे एककाची चूक हमखास होते. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात. तेथील ४ म्हणजे दुसऱ्या लॅबचे ४० होय. अल्ब्युमिनचा अर्धा साठा बदलायला सुमारे तीन आठवडे लागतात, म्हणून आठवडाभर अंडी आणि प्रोटीन पावडर देऊन पुढच्या रिपोर्टची वाट पाहणारे नातेवाईक निराश होतात. आहार द्यावाच, पण तो माणसासाठी द्यावा, आकड्यासाठी नव्हे.

या आकड्यांवरून काय ठरवायचे नाही

या औषधांचा खर्च लाखांत जातो आणि विमा नसलेल्या कुटुंबापुढे प्रश्न असतो तो शेत विकावे की न विकावे, इतका रोकडा. अशा वेळी काही शे रुपयांच्या तपासणीने ‘औषध लागू पडणार नाही’ असे आधीच कळावे, ही इच्छा अत्यंत स्वाभाविक आहे. दुर्दैवाने हे आकडे त्या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. रोगाची वाटचाल कशी राहील हे सांगणारी खूण वेगळी आणि अमुक औषधाचा उपयोग होईल की नाही हे सांगणारी खूण वेगळी. ईजीएफआरमधील बदल दुसऱ्या प्रकारात मोडतो; न्यूट्रोफिल आणि एलडीएच बहुतांशी पहिल्या.

याचा पुरावा लिपी निर्देशांकाच्याच कथेत आहे. मूळ अभ्यासात तुलनेसाठी केमोथेरपी घेतलेल्या १६२ रुग्णांचा गट होता आणि त्यात या निर्देशांकाने फरक दाखवला नव्हता, त्यामुळे ही खूण इम्युनोथेरपीपुरतीच आहे असे वाटले होते. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील संशोधकांनी ११ चाचण्यांतील जवळपास ४,००० रुग्णांचे आकडे एकत्र तपासले, तेव्हा प्रतिकूल गटाचे रुग्ण केमोथेरपीवर आणि टार्गेटेड गोळ्यांवरही मागेच पडतात असे दिसले. म्हणजे प्रतिकूल गुण आले म्हणून इम्युनोथेरपी नाकारून केमोथेरपी घेतली, तर रुग्ण चांगल्या गटात जात नाही. उलट पीडी-एल-१ भरपूर असूनही रोगाचा पसारा मोठा आणि वेग जास्त असेल, तर नुसत्या इम्युनोथेरपीवर न विसंबता सुरुवातीला केमोथेरपीची जोड देण्याकडे अनेक तज्ज्ञांचा कल असतो. या आकड्यांचा खरा उपयोग अशा चर्चेत आहे. दुसरा उपयोग असा की प्रतिकूल गटातील रुग्णाला पहिली तपासणी लवकर ठेवता येते आणि वेदना, दम व भूक यांकडे लक्ष देणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना पहिल्या दिवसापासून बरोबर घेता येते.

सहा आठवड्यांनंतरचे रक्त

एका दिवसाच्या आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधली दिशा अधिक बोलकी असते. तीन आठवड्यांच्या अंतराने दोन डोस झाल्यानंतर, म्हणजे साधारण सहाव्या आठवड्यात, एनएलआर आणि एलडीएच पुन्हा काढावे. दोन्ही उतरले असतील तर ते शुभलक्षण. दोन्ही चढले असतील आणि संसर्ग, स्टेरॉइड, खराब नमुना ही कारणे तपासून बाजूला सारली असतील, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता स्कॅन लवकर करावा का, हे तज्ज्ञांना विचारावे. उपचार बदलण्याचा निर्णय स्कॅन आणि रुग्णाची प्रकृती यांवर होतो.

गाठीचे रक्तातील डीएनए मोजणारी तपासणी या दिशेने सर्वांत आश्वासक आहे, कारण हे डीएनए रक्तात काही तासांच्या आत नष्ट होते आणि त्यामुळे त्याची पातळी आजच्या रोगाची बातमी देते. कॅनडा आणि अमेरिकेत झालेल्या बीआर.३६ चाचणीच्या पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. पेम्ब्रोलिझुमॅब घेणाऱ्या ५० रुग्णांच्या त्या अभ्यासात ज्यांच्या रक्तातून हे डीएनए नाहीसे झाले ते अधिक काळ जगले, आणि ते नाहीसे होण्याचा मध्यक काळ सुमारे दोन महिन्यांचा होता. तरीही या तपासणीवरून उपचार बदलल्याने आयुष्य वाढते, हे स्वतंत्रपणे सिद्ध व्हावे लागते. नमुन्यासाठी विशेष नळी लागते, साध्या नळीत पांढऱ्या पेशी फुटून त्यांचे डीएनए मिसळते. शिवाय वृद्धांच्या रक्तपेशींत वयोमानाने झालेले बदलही रिपोर्टमध्ये उतरून गाठीचे असल्याचा भास निर्माण करतात.

रक्तावरून गाठीतील एकूण जनुकीय बदल मोजण्याचा प्रयोग मात्र सावध करणारा आहे. जुन्या दोन चाचण्यांचे साठवलेले रक्त तपासून २०१८ मध्ये १६ बदलांची रेषा आखली गेली आणि ती आशादायक वाटली; तीच रेषा धरून आधीच रुग्ण निवडून केलेली बीफास्ट चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ठरवलेले उद्दिष्ट गाठले गेले नाही. मागे वळून पाहताना चमकणारी खूण पुढे चालताना विझते, असे या क्षेत्रात वारंवार घडले आहे. सीईए ही कर्करोगाची खूण म्हणून आपल्याकडे सर्रास लिहिली जाणारी तपासणी धूम्रपान करणाऱ्यांत एरवीही वाढलेली असते. मुळात वाढलेली असेल तरच तिचा चढउतार पाहण्यात अर्थ आहे.

याशिवाय टीएसएच (थायरॉइडची तपासणी), यकृताची विकरे, क्रिएटिनिन आणि साखर या तपासण्या नियमित करायच्या असतात, त्या औषधाचे दुष्परिणाम वेळीच पकडण्यासाठी. थायरॉइड मंदावलेले रुग्ण अधिक जगतात असे काही अभ्यास सांगतात, पण जो अधिक जगतो त्याला थायरॉइड मंदावायला वेळही अधिक मिळतो, ही त्यातली मेख विसरू नये. सोडियम घटले, रक्तदाब उतरला आणि विलक्षण थकवा आला, तर कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) तपासून घ्यावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

एक तक्ता आणि चार नोंदी

या सर्वाला पुरेल असा एक आडवा तक्ता वहीत आखावा. त्यात तारीख, पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल व लिम्फोसाइटची टक्केवारी, एलडीएच आणि शेजारी त्या लॅबची मर्यादा, अल्ब्युमिन, एककासह सीआरपी आणि वजन एवढे रकाने पुरेत. शेवटचा रकाना सर्वांत रुंद ठेवावा आणि त्यात प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहाव्यात : मागच्या दोन आठवड्यांत स्टेरॉइड घेतले का आणि किती, पेशी वाढवण्याचे इंजेक्शन झाले का, ताप किंवा प्रतिजैविक होते का, नमुन्यावर काही शेरा होता का. तज्ज्ञांकडे जाताना ‘वाचण्याची शक्यता किती टक्के’ असे विचारण्याऐवजी ‘हे आकडे पाहता केमोची जोड द्यावी का, पहिला स्कॅन कधी करायचा आणि तोपर्यंत काय दिसले तर लगेच यायचे’ असे विचारावे. पाच मिनिटांच्या भेटीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळू शकतात. दुसऱ्या मतासाठी मुंबई-पुण्याला जायचे झाले तर बायोप्सीचे ब्लॉक, स्कॅनची सीडी आणि मूळ रिपोर्ट यांच्या वर हा तक्ता लावावा आणि त्या वेळी चालू असलेल्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत बरोबर ठेवाव्यात.